मुंबईच्या दमट हवेत अंडी उबवताना: आर्द्रता किती आणि अंड्याचं वजन किती

इनक्युबेटरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात बहुधा एकच ओळ असते: पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, पाण्याची ताटली कायम भरलेली ठेवा. कोरड्या हवेच्या गावात यावर काम भागतं. उत्तन, गोराई, वसई-विरार किंवा मुंबईतल्या एखाद्या गावठाणात जुलैत कुणी हीच ओळ पाळली, तर २१ व्या दिवशी पूर्ण वाढलेली पण कवचातच मेलेली पिल्लं हाती येतात. आणि जानेवारीत ताटली रिकामी ठेवली तर त्याच मशीनमध्ये पिल्लं वाळून चिकटतात. म्हणून आधी अंड्याचं वजन बघायचं आणि ताटलीत पाणी किती घालायचं ते त्यावरून ठरवायचं.

अंड्यातलं पाणी कमी का व्हायला हवं

कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. वाफ जाते तसतशी अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. २० व्या दिवसाच्या आसपास पिल्लू आतला पापुद्रा फोडून चोच या पोकळीत घालतं आणि फुप्फुसाने पहिला श्वास घेतं. बाहेरच्या कवचाला टोच मारेपर्यंत त्याला याच हवेवर भागवायचं असतं. पोकळी लहान असेल तर तिथेच गुदमरतं. शिवाय बलकातली चरबी वापरली जाताना नवं पाणी तयार होत असतं, ते बाहेर पडलं नाही तर पिल्लू सुजतं, त्याला कवचात वळायला जागा उरत नाही आणि पोटात बलक नीट ओढला जात नाही.

कोंबडीच्या अंड्याचं वजन पहिल्या १८ दिवसांत साधारण १२ टक्के कमी व्हायला हवं. ११ ते १४ मध्ये असेल तर चिंता नको. म्हणजे ५० ग्रॅमच्या अंड्यातून ६ ग्रॅम पाणी जायचं, रोज सुमारे ०.६७ टक्के.

खोलीतली हवा मशीनमध्ये गेली की काय होतं

हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते, त्यामुळे आर्द्रतेचा आकडा खाली येतो. ३७.५ अंशांवर चालणाऱ्या मशीनमध्ये एक थेंब पाणी नसताना आर्द्रता किती राहील, हे खोलीच्या दोन आकड्यांवरून काढता येतं. खोलीच्या आर्द्रतेला खालच्या आकड्याने गुणायचं:

खोली २० अंश असेल तर ०.३६
२२ अंश: ०.४१
२४ अंश: ०.४६
२६ अंश: ०.५२
२८ अंश: ०.५९
३० अंश: ०.६६
३२ अंश: ०.७४

जुलैमध्ये खोलीत ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर ८५ × ०.६६ म्हणजे ५६. अंड्यांतून निघणारी वाफ धरली तर मशीनमध्ये ५८ च्या पुढेमागे. ताटली कोरडी ठणठणीत असतानाही! जानेवारीतल्या दुपारी २८ अंश आणि ४० टक्के असेल तर ४० × ०.५९, म्हणजे २४. एकाच घरात, एकाच मशीनमध्ये सहा महिन्यांत एवढा फरक पडतो. मे महिन्यात खोली ३२ अंश आणि ६८ टक्के असेल तर ५० येतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही किनाऱ्यालगत ताटलीची गरज फारशी पडत नाही.

हे गणित अंडी लावण्याआधीच करून ठेवावं. त्यावरून कळतं की या बॅचला पाणी घालायचं आहे की काढायचं आहे.

आधी मीटर तपासा

आर्द्रता दाखवणारा स्वस्त डिजिटल मीटर सहज ५ टक्के इकडेतिकडे दाखवतो, जुना झालेला १० सुद्धा. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठावर होते. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी वर दिसता कामा नये. हे झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवा, मीटरला मीठ लागू देऊ नका, आणि रात्रभर डबा उघडू नका. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७९ दाखवत असेल तर तो ४ जास्त सांगतो. तसं मार्करने त्याच्या पाठीवर लिहून टाका. लॅमिंग्टन रोडवरून सुटा सेन्सर आणून थर्माकोलच्या पेटीत बसवला असेल तर त्याचीही हीच परीक्षा घ्या. पाण्याचे थेंब बसलेला सेन्सर अनेकदा ९९ वर अडकतो किंवा नंतर कायमचा जास्त दाखवतो.

मीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवायचा. पंख्याच्या तोंडासमोर नको, ताटलीच्या वरही नको.

मीटरवर भरवसा नसेल तर जुनी ओल्या वातीची पद्धत आजही खरी ठरते. थर्मामीटरच्या टोकाला सुती वात गुंडाळून तिचं दुसरं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचं आणि वातीवर पंख्याचा वारा येऊ द्यायचा. मशीन ३७.५ अंशांवर असताना ओली वात २८ अंश दाखवत असेल तर आर्द्रता ४९ टक्के, २९ असेल तर ५३, ३२ असेल तर ६८. वात पिवळी, कडक झाली की बदलायची, नाहीतर आकडा वर सरकतो.

तापमानाचं एका वाक्यात: ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांमध्ये ठेवून ३७.५ ताडून घ्या, कारण तापमान चुकलेलं असेल तर आर्द्रतेवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

अंडी लावण्याआधी

इथे एक मुंबईचाच खास घोटाळा होतो. अंडी १५ ते १८ अंशांवर साठवावीत असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून ती एसीच्या खोलीत ठेवली जातात, आणि लावायच्या दिवशी थेट बाहेर काढली जातात. पावसाळ्यात बाहेरची हवा इतकी ओली असते की २० अंशांच्या अंड्यावर मिनिटभरात दव जमतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसंच. ओल्या कवचावरचे जंतू छिद्रांतून आत ओढले जातात आणि दहाव्या-बाराव्या दिवशी मशीनमध्ये कुजका वास येऊ लागतो. एसी बंद करून अंडी त्याच खोलीत झाकलेल्या डब्यात सहा-सात तास ठेवा. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच डबा उघडा. घाम आलाच तर पुसू नका, पंख्याच्या वाऱ्यावर सुकू द्या.

एसी नसेल तर अंडी साठवण्याच्या फंदातच पडू नका. ३० अंशांच्या खोलीत बीज अर्धवट वाढायला लागतं आणि अशक्त होतं. तीन-चार दिवसांत जमलेली अंडी लावून मोकळं व्हावं. धुवायची नाहीत. टॉर्चवर धरून केसासारखी चीर असलेली अंडी बाजूला काढा. चिरलेल्या अंड्यातून वाफ भराभर जाते आणि ट्रेच्या वजनाचा सगळा हिशेब बिघडवते.

वजनाचा हिशेब

लागतो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. एकेक अंडं मोजायची गरज नाही, पूर्ण ट्रे मोजला तरी पुरे. मात्र रिकाम्या ट्रेचं वजन आधी लिहून ठेवा आणि ते प्रत्येक वेळी वजा करा.

धरा, गावरान कोंबडीची ३० अंडी आहेत, पहिल्या दिवशी वजन १,४४० ग्रॅम. १२ टक्क्यांच्या हिशेबाने १८ व्या दिवशी ते १,२६७ व्हायला हवं. ७ व्या दिवशी १,३७२ आलं, म्हणजे ६८ ग्रॅम गेले, ४.७ टक्के. गाडी रुळावर आहे.

७ व्या दिवशी टॉर्चने तपासून रिकामी, म्हणजे बीज न वाढलेली अंडी काढतात तेव्हा बरेच जण हिशेब सोडून देतात, कारण मूळ वजन आता जुळत नाही. सोपा उपाय आहे. चार अंडी काढली आणि उरलेल्या २६ चं वजन १,१८९ आलं. मूळ १,४४० ला १,१८९ ने गुणा आणि १,३७२ ने भागा: १,२४८. हे उरलेल्या २६ अंड्यांचं पहिल्या दिवसाचं वजन मानायचं. १८ व्या दिवसाचं लक्ष्य त्याच्या ८८ टक्के, १,०९८ ग्रॅम. १४ व्या दिवशी पुन्हा मोजा. वजनाला दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळ लावू नका.

सोबत हवेच्या पोकळीची कड पेन्सिलने कवचावर आखत गेलात तर डोळ्यांनाही दिसतं. ७, १४ आणि १८ व्या दिवशी आखलेल्या तीन रेघा एकमेकींपासून स्पष्ट लांब दिसायला हव्यात. १८ व्या दिवशी पोकळी अंड्याच्या साधारण एक तृतीयांशाला पोहोचलेली असते. नुसत्या पोकळीवर अंदाज बांधायला सराव लागतो. नवख्याने काट्यावरच विसंबावं.

बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात, तिथे हेच १२ ते १४ टक्के २५ व्या दिवसापर्यंत जायला हवेत. लाव्हरीचं अंडं १०-१२ ग्रॅमचं. १७-१८ दिवसांत पिल्लू निघतं आणि १५ व्या दिवसापर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास घट लागते. लाव्हरीची मोजकीच अंडी असतील तर सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, स्वयंपाकघरातला इथे कामाचा नाही.

आकडा चुकला तर किती बदल करायचा

अंड्याच्या आतली हवा जवळपास पूर्ण ओली असते, त्यामुळे वाफ जाण्याचा वेग १०० आणि मशीनमधली आर्द्रता यांच्या फरकावर ठरतो. आर्द्रता ६५ असेल तर फरक ३५. ५० असेल तर फरक ५०. फरक दीडपट केला की घटही दीडपट.

जुलैतलं एक खरंखुरं वाटावं असं उदाहरण घेऊ. ताटली भरलेली, मीटर ६५ वर. ७ व्या दिवशी १,४४० चे १,३९५ झाले. फक्त ४५ ग्रॅम गेले, ३.१ टक्के, रोज ०.४५. असंच चाललं तर १८ व्या दिवशी ८ टक्के, म्हणजे गुदमरणारी पिल्लं. १२ टक्के गाठायचे तर उरलेल्या ११ दिवसांत ८.९ टक्के जायला हवेत, रोज ०.८१. सध्याच्या १.८ पट. फरक ३५ वरून ६३ करायचा, म्हणजे आर्द्रता ३७ वर आणायची. ११ टक्क्यांवर समाधान मानलं तर ४४ चालेल.

ताटली काढून टाकली तरी जुलैच्या खोलीत मशीन ५८ च्या खाली येणार नाही, हे वर पाहिलंच. (सुरुवातीपासून ताटली न ठेवता चालवलं असतं तर १८ व्या दिवशी साडेनऊ-दहा टक्के गेले असते. फार छान नाही, पण पिल्लं निघतात.) मग ४४ कुठून आणायचे?

पावसाळ्यात ओलावा काढण्याचा मार्ग

सिलिका जेलच्या पुड्या, तांदळाची वाटी, कपाटातला ओलावा शोषणारे डबे, हे सगळं मशीनमध्ये ठेवून पाहणारे खूप आहेत. फायदा जवळपास शून्य. मशीनमध्ये भोकांतून सतत नवी हवा येत असते आणि ती येतानाच पाणी घेऊन येते; पुडी तासाभरात दमते. भोकं बंद केली तर अंडी गुदमरतात. कोरडी करायची ती खोली.

एसी इथे कामाला येतो, थंडाव्यासाठी कमी आणि पाणी काढण्यासाठी जास्त. बंद खोलीत एसीने २६ अंश आणि ६० टक्के राखले तर ६० × ०.५२, मशीनमध्ये ३१. दिवसभर एसी चालवायची गरज नाही, कारण घट साठत जाते, सरासरीवर भागतं. रात्री १२ तास ३१ आणि दिवसा १२ तास ५८ धरले तर सरासरी ४४-४५. वरच्या उदाहरणातली बॅच ८ व्या दिवसापासून रोज बारा तासांच्या एसीवर ११ टक्क्यांना पोहोचते. पहिल्या दिवसापासून कोरडी ताटली आणि रात्री ८ तास एसी ठेवला तर सरासरी ४९ येते, मग मध्येच धावपळ करायची वेळच येत नाही. विजेचं बिल बघता जून ते सप्टेंबर मोठी बॅच एकदाच लावणं परवडतं, दर आठवड्याला दहा-दहा अंडी लावणं नाही.

एसीचा झोत मशीनवर थेट येऊ देऊ नका. थर्माकोलच्या पेटीत त्या बाजूची अंडी एका अंशाने थंड पडतात. एसी सुरू आणि बंद झाल्यावर अर्ध्या तासाने तापमान एकदा बघाच. हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवा. ओले कपडे वाळत घातलेल्या खोलीत मशीन ठेवू नका. सांगायची गरज नसावी, पण वन रूम किचनमध्ये पावसाळ्यात दोऱ्या जिथे जागा मिळेल तिथे बांधल्या जातात.

हिवाळ्यात पाणी घालताना

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, मशीन कोरडं ठेवलं तर २५ च्या आसपास उतरतं आणि घट रोज १ टक्क्यापर्यंत जाते, १८ दिवसांत १८ टक्के. इथे ताटली लागतेच. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर ठरते. उभट ग्लासात लिटरभर पाणी ठेवण्यापेक्षा पसरट ताटलीत बोटभर पाणी जास्त काम करतं. आकडा कमीजास्त करायला ताटलीवर ॲल्युमिनियम फॉइल लावा: अर्धी झाकली की बाष्प जवळपास अर्धं. एवढ्याने पुरलं नाही तर ताटलीत स्पंज उभा ठेवा, त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील असा.

पालिकेचं तलावांतलं पाणी मऊ असतं, ते चालतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने स्पंजावर पांढरा क्षार बसतो आणि चार-पाच दिवसांत बाष्प कमी होतं, स्पंज बदला. पाणी घालण्यासाठी झाकण उघडायचं टाळायचं असेल तर मत्स्यालयाची बारीक नळी भोकातून ताटलीपर्यंत सोडा आणि सिरिंजने कोमट पाणी ढकला.

शेवटचे तीन दिवस

१८ व्या दिवशी शेवटचं वजन, अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०. यामागचं कारण वेगळं आहे: आता वजन घटवायचं नसतं, टोच मारल्यानंतर उघडा पडलेला पापुद्रा वाळू द्यायचा नसतो. तो वाळला की कागदासारखा पिल्लाला आवळतो आणि त्याला कवचात गोल फिरून टोपी कापता येत नाही.

पावसाळ्यात एक छोटी वाटी पाणी पुरतं, कारण ५८ आधीच आहेत. एसी या तीन दिवसांत बंद. हिवाळ्यात मोठी ताटली, स्पंज, आणि तरी कमी पडलं तर कोमट पाण्यात पिळलेलं सुती फडकं ताटलीत उभं करा. मात्र आकडा वाढवायला भोकं बुजवू नका. प्राणवायूची गरज याच दिवसांत सर्वांत जास्त असते.

पहिलं पिल्लू बाहेर आलं की त्याच्या ओल्या अंगामुळे मीटर ८० च्या वर जातो. घाबरून झाकण उघडू नका, त्यानेच बाकीच्या टोचलेल्या अंड्यांतला पापुद्रा वाळतो. टोच मारल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात, मध्ये बराच वेळ पिल्लू गप्प पडून राहतं. ओढून काढायची घाई केली तर रक्त येतं. निघालेली पिल्लं पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज राहतात, त्यामुळे सगळी सुकेपर्यंत आत ठेवा आणि एकदम बाहेर काढा.

न फुटलेली अंडी उघडून बघा

२२-२३ व्या दिवशी उरलेली अंडी रुंद टोकाकडून फोडा, वास सोसायची तयारी ठेवून. पोकळी लहान, आत पातळ पाणी, पिल्लू सुजलेलं आणि मान जाड: आर्द्रता जास्त राहिली. पोकळी मोठी, पापुद्रा पिवळट आणि चामड्यासारखा, पिल्लू लहान आणि चिकटलेलं: आर्द्रता कमी. टोच मारून झाल्यावर वाळलेलं आणि पोकळी व्यवस्थित असेल तर १८ दिवसांचं काही चुकलेलं नाही, शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडलं गेलं.

रक्ताची बारीक गोल रेघ दिसली तर बीज पहिल्या चार-पाच दिवसांत मेलेलं आहे. त्याचा संबंध साठवणुकीशी किंवा तापमानाशी असतो. आर्द्रतेवर हा दोष टाकून पुढच्या वेळी ताटली बदलत बसलात तर निकाल तसाच राहील.

निघालेल्या, सुकलेल्या चार-पाच पिल्लांचंही वजन करा. पिल्लाचं वजन मूळ अंड्याच्या ६७-६८ टक्क्यांच्या आसपास असावं. ४८ ग्रॅमच्या अंड्यातून ३२ ग्रॅमचं पिल्लू. ३४ च्या वर असेल, पोट फुगलेलं आणि बेंबी ओली असेल, तर पुढच्या बॅचला सरासरी आर्द्रता ५ टक्क्यांनी उतरवा. ३० च्या खाली आणि पायांची कातडी सुकलेली असेल तर ५ ने वाढवा, पण आधी बघा की ते मशीनमध्येच दीड दिवस पडून राहिलं होतं का. तसं असेल तर वजन तिथेच घटलं आहे, आणि बदलायचं असेल तर बाहेर काढायची वेळ बदला.